वाऱ्याखालचा तांडा

चुनाभट्टी आधी गावाच्या पश्चिमेला, मुकुटबनच्या रस्त्याला लागून होती. मालक सरपंचाचा साडू. दगड फोडायला आणि भट्टी भरायला आम्ही तांड्यावरच्या बाया. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन तांड्यावर आले होते.

आमच्याकडे उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा. धूर आणि चुन्याची भुकटी गावात शिरली. वाळत घातलेल्या पापडांवर थर बसला, सरपंचाच्या बायकोला खोकला लागला. धूर वाईट असतो हे गावाला तेव्हा कळलं. आम्ही रोज त्या धुरातच उभ्या असायचो, तेव्हा कळलं नव्हतं. एरवी नाली साफ करायची म्हटली तरी वर्ष घालवणाऱ्या पंचायतीने एका बैठकीत भट्टी हलवली. गावाच्या पूर्वेला, आमच्या तांड्याच्या तोंडाशी.

सांगायला सरपंच स्वतः आला. तांड्याच्या नायकाच्या अंगणात बाजेवर बसून म्हणाला, आता बायांची पायपीट वाचली, रोजी दारात आणून दिली. आणि असा निघाला, जसा काही दानधर्म करून चालला होता.

त्या उन्हाळ्यात तांड्यावर कोणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. विहिरीच्या पाण्यावर पांढरी साय धरायची. ती फडक्याने बाजूला सारून आम्ही घागरी भरायचो. माझ्या सासूला खोकल्याने झोप येईना. ती उंच, हाडापेराची बाई होती. तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचे सगळे, मीही. ती सरपंचाकडे गेली तर त्याने तिला पायरीखालीच उभं ठेवलं आणि म्हणाला, "तुमी तं उघड्यावर राहनारे लोक, तुमाले धुराचं काय होते?" भाकरीत मीठ कमी पडलं तरी ज्याचं पोट बिघडायचं, तो आमच्या छातीची हमी देत होता.

मग कोणाच्या तरी अर्जावरून आरोग्य खात्याचा साहेब आला. तो आणि त्याची पेटी सरपंचाच्या ओसरीवर उतरली, कोंबडं कापलं गेलं. जेवण झाल्यावर माडीवरून तांड्याकडे नजर टाकून त्याने सांगितलं म्हणे, इथली हवा कोरडी आहे, छातीला चांगली. पुढे निवडणूक आली आणि सरपंच मतं मागायला तांड्यावर चढला. ऊन कडक होतं. याडीने विहिरीतून ताजं पाणी काढलं आणि लोटा त्याच्यापुढे धरला.

त्याने लोट्यात पाहिलं. म्हणाला, "तहान नाही मले."

"आमाले रोज लागते," याडी म्हणाली.

तिने हात मागे घेतला नाही. सोबतचे लोक इकडेतिकडे बघायला लागले. शेवटी तो पाठ फिरवून उतरला आणि रुमालाने मान पुसत गेला. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, पण लोटाभर पाण्याला भ्यालेला तो एकच.

दुसऱ्या दिवशी याडी भट्टीवर गेली ती टोपली पालथी घालून बसली. आम्हीही बसलो. मुनीम ओरडला, नायकाने हात जोडले, कोणी उठलं नाही. वरून दगड-कोळसा पडेना, भट्टी थंड झाली. मालकाने दुसरीकडून मजूर आणले, पण राहायला जागा आमच्याच वाऱ्याखाली दिली. डोळे सुजल्यावर तेही पळाले.

मालकाने भट्टी उचलली खरी. गावाच्या बाजूला आणायची कोणाची छाती नव्हती, म्हणून ती डोंगरापलीकडे कोलाम आदिवासींच्या पोडाजवळ, त्यांच्या वस्तीजवळ नेली. कोलाम मतं मागण्याइतकेही कोणाच्या हिशोबात नव्हते. याडी खोकत खोकत डोंगर चढून त्यांना सगळं सांगून आली. त्यांनी ऐकून घेतलं, तिला मोहाची फुलं बांधून दिली. भट्टी मात्र तिथे खाणीतला दगड संपेपर्यंत चालली.

याडीचा खोकला गेला नाही. मारेगावच्या डॉक्टरने तिला बिड्या सोडायला सांगितल्या. तिने जन्मात बिडी ओढली नव्हती. तिसऱ्या हिवाळ्यात ती गेली.

सरपंच पुढे जिल्हा परिषदेत गेला. एकदा दारव्ह्याला सोयऱ्यांकडे गेले असताना त्याचं भाषण कानावर पडलं. ग्रामस्वच्छतेवर बोलत होता. गळ्यात हार होता, समोर शाळेतल्या पोरी उन्हात बसवल्या होत्या. लोक टाळ्या वाजवत होते. मी थोडा वेळ ऐकलं आणि भाजी घ्यायला बाजारात गेले.