मापाच्या वहीतली मुलगी

मास्तरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, खांदे राहतात. रस्त्यात कुणी हात केला की हे आधी खांद्यांकडे बघणार आणि मग म्हणणार, "हां हां, डावा अर्धा इंच खाली. बँकेतले ना तुम्ही?" सहासष्ट वर्षांचा माणूस, त्यातली पन्नास वर्षं कटिंगच्या टेबलामागे उभा. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण तिच्या बाहीचं माप झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेल!

दुकान वडिलांचं. पुढे काच, आत लांबलचक टेबल, टेबलामागे कपाट आणि कपाटात मापाच्या वह्या. वडिलांनी पहिल्या दिवसापासून एकही वही टाकली नाही, मग हे कसले टाकतात? मास्तरीणबाई खिडकीशी बसून काज-बटणाचं काम करतात. दर दोन-चार महिन्यांनी त्या म्हणतात, "मेलेल्या माणसांच्या छात्या-कमरा जपून काय मिळणार आहे हो तुम्हाला?" मास्तर बहिऱ्याचं सोंग छान घेतात.

तर झालं काय, एकदा एक गिऱ्हाईक सहज म्हणालं की माझ्या आजोबांचा एकही फोटो नाही, माणूस कसा होता तेच माहीत नाही. मास्तरांनी वही काढली आणि वाचत गेले, उंच, पाठीला बाक, उजवा हात डाव्याहून लांब, चाळिशीनंतर पोट सुटलेलं. तो माणूस रडायचाच बाकी राहिला. बातमी पसरली, आणि घराण्याचा शोध घेणारे लोक दुकानाच्या पायऱ्या चढू लागले. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकदा तर दोन अगदी परक्या घरांतले खांदे नको तितके जुळले. मास्तर तोंड उघडणार, एवढ्यात मास्तरीणबाईंनी वही मिटली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाल्या.

अशातच एका सकाळी सिस्टर आल्या. इस्पितळातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. वय एकाहत्तर, ताठ कणा, आणि चेहरा असा की समोरच्यानं न सांगता जीभ बाहेर काढून दाखवावी. बरोबर त्यांची लेक होती. तिच्या हातात घराण्याच्या वंशावळीचा मोठा कागद होता, चौकोनच चौकोन काढलेले, आणि दुसऱ्या हातात लहान मुलीचा एक जुना फ्रॉक.

लेक सांगू लागली. सिस्टरना आत्यानं वाढवलं. आई तुझ्या जन्माच्या वेळीच गेली, असं आत्या मरेपर्यंत सांगत राहिली. वंशावळीसाठी लेकीनं जुने दाखले काढले, तर निघालं भलतंच. वडील लवकर वारले होते हे खरं, पण आई जिवंत होती. सिस्टर दोन वर्षांच्या असताना तिनं दुसरं लग्न केलं, आणि त्यानंतर ती चांगली बावीस वर्षं जगली. तीसुद्धा याच गावात.

"हा फ्रॉक आत्याच्या ट्रंकेत सापडला. गळ्याच्या आत तुमच्या दुकानाची पट्टी आहे, वहीचा नंबर आहे. कुणी शिवून घेतला तेवढं बघाल?" लेकीनं विचारलं.

"मला काही बघायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "हिच्या हट्टासाठी आले. मेलेली आई निदान आपली तरी असते, मास्तर. टाकून गेलेलीचं काय करायचं? तो चौकोन रिकामाच राहू दे म्हणते मी."

आवाज अगदी कोरडा होता, पण फ्रॉकची बाही त्या बोटांनी सारखी सरळ करत होत्या. मास्तरीणबाईंनी ते बघितलं. मास्तर कुठले बघायला? त्यांना वहीचा नंबर दिसला होता.

वही निघाली, पान निघालं. वर सिस्टरच्या आईचं नाव, दुसऱ्या लग्नानंतरच्या आडनावासकट, आणि खाली फ्रॉकची मापं. पुढच्या तीन वर्षांच्या वह्या चाळल्या, तर तेच नाव, दर वर्षी एक फ्रॉक, दर वर्षी थोडा मोठा. झालं! मास्तर अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले.

"त्यांना दुसरी मुलगी असणार," उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! "ही तिचीच वाढती मापं. तिचा उतरलेला फ्रॉक मग तुमच्याकडे पाठवला असेल."

सिस्टरनी फ्रॉक टेबलावर ठेवला. "म्हणजे तिला सांभाळलं आणि मला जुनेर," एवढंच बोलून त्या पायऱ्या उतरल्या. लेक मागे धावली.

आणि मग मास्तरीणबाई उठल्या. बाई चिडल्या की सुई पिनकुशनमध्ये खोचतात, मगच तोंड उघडतात.

"पोरांची मापं घेण्यात जन्म गेला, आणि पोराचं वय कळत नाही? हा फ्रॉक किती वर्षांच्या मुलीचा?"

"चार... चारची असेल."

"वहीवर तारीख कधीची? त्या दुसऱ्या लग्नानंतर दोनच वर्षांची. दोन वर्षांत चार वर्षांची मुलगी होते का हो कुणाला?"

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सिस्टरचं वय विचारात घ्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं. लग्नाच्या वेळी दोनची, म्हणजे फ्रॉक शिवला तेव्हा चारची. फ्रॉक सिस्टरचाच होता, नवाकोरा, त्यांच्यासाठीच शिवलेला! मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग दोघांनी मिळून एकूणएक वह्या खाली काढल्या. तीन वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतचे नऊ फ्रॉक निघाले, दर वर्षी त्याच महिन्यात शिवलेले. पण दर पानावर मापं तीनच होती, उंची, छाती आणि बाही. वडिलांचा नियम कडक, गिऱ्हाईक टीचभर असलं तरी आठ मापं. रडणाऱ्या पोराला मांडीत दाबून धरतील, पण खांदा आणि काखेचा मुंढा सोडणार नाहीत. मग याच मुलीची मापं का सोडली? आणि दर पानाच्या कोपऱ्यात गंजाचा एक डाग होता, टाचणी टोचल्यासारखा.

नवव्या पानावर टाचणी तशीच होती. टाचणीला घडी घालून अडकवलेला एक पांढरा दोरा, आणि दोऱ्याला तीन गाठी.

मास्तरांनी टेप लावली. पहिल्या गाठीपर्यंत उंची, तिथून दुसरीपर्यंत छाती, तिथून तिसरीपर्यंत बाही. वहीतल्या आकड्यांशी तंतोतंत. मुलगी दुकानात कधी आलीच नव्हती. आला होता तो दोरा.

मास्तर मनातून चांगलेच घाबरले होते. चुकीचं कापलेलं कापड एक वेळ जोडता येतं, पण बोललेलं कसं परत घ्यायचं? तरी नऊच्या नऊ वह्या पिशवीत भरून ते तडक सिस्टरच्या घरी गेले. सिस्टरनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"सिस्टर, मी चुकलो. मूर्खासारखा बोललो. फक्त एका गोष्टीचं उत्तर द्या. लहानपणी तुमचं माप कुणी दोऱ्यानं घ्यायचं का?"

सिस्टर काहीतरी लागट बोलणार होत्या. पण मास्तरांच्या तळहातावरचा दोरा त्यांना दिसला.

"आत्या," त्या हळूच म्हणाल्या. "वाढदिवस जवळ आला की स्वयंपाकघराच्या दाराला उभी करायची. सरळ उभी राहा गं, वाढतेयस का नुसती खातेयस ते बघू दे, म्हणायची. मग दोरा कमरेला खोचायची. आजोबा घरी नसतानाच करायची हे सगळं. आणि वाढदिवसाला नवा फ्रॉक. बाजारातून आणला, म्हणायची." त्यांनी दोरा उचलून हातात घेतला. "मग ती मापं कशाला? आत्याला साधं बटण लावता येत नव्हतं हो."

मास्तरांनी एकेक वही उघडून नऊच्या नऊ पानं दाखवली. सिस्टर प्रत्येक पानावरून बोट फिरवत होत्या, जसा जन्मभर रुग्णांचा तक्ता वाचला तसाच. "बाराव्या वर्षी आम्ही ते घर सोडून दूर गेलो," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, लहान मुलासारखं. "नऊ वर्षं बाई दोऱ्यावरून मला वाढताना बघत होती, आणि मी म्हणत होते टाकलं मला! आणि आत्या तरी केवढी पक्की! बापाच्या धाकात राहून केलंन, आणि मरेपर्यंत अक्षर बोलली नाही."

लेक आतून धावत आली. आईला असं रडताना तिनं कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे ती बिचारी मास्तरांवरच डोळे वटारू लागली. सिस्टरनी तिचा हात धरला.

"तो कागद आण तुझा. चौकोनात आईचं नाव लिही. नवं आडनाव लिही, जुनंही लिही, आणि अक्षर जरा मोठं काढ."

मग त्या चपला घालून दारात उभ्या राहिल्या. "चला."

"कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या दुकानात. कुठे म्हणजे काय!"

दुकानात आल्यावर त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे टेबल तेव्हाचंच ना? माझी आई आली की कुठे उभी राहायची?"

"इथेच. टेबलाच्या या बाजूला. वडील पलीकडे, गिऱ्हाईक इथे."

सिस्टर त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. पाय जुळवले, हनुवटी वर केली.

"मग घ्या माझं माप. ब्लाउज शिवा, कोट शिवा, काय वाटेल ते शिवा. पण आठही घ्या."

मास्तर एकेक माप बोलत गेले आणि मास्तरीणबाई लिहीत गेल्या. खांद्याचं माप मात्र मास्तरांना दोनदा घ्यावं लागलं. पहिल्या वेळी त्यांना टेपेवरचे आकडेच दिसेनात.