खाडीतला बांबू
खाडीच्या चिखलाचा खारट वास आला की मला जूचंद्रची आमची शाळा आठवते. मी तिसरीत होते. गुरुजी हिशेब फळ्यावर कमी आणि बाहेरच जास्त शिकवत. त्यांनी खाडीत खुणा केलेला बांबू रोवला होता. भरतीचं पाणी कुठवर चढलं ते आम्ही मुलं रोज वहीत लिहायचो. भाद्रपदातली अमावास्या जवळ आली तसं पाणी रोज एकेक खूण वर सरकू लागलं. मग एका दुपारी खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आतल्या बाजूला, आमच्याच भातात, खेकड्याच्या बिळातून गढूळ पाणी झिरपताना मला दिसलं. मी सांगताच गुरुजींनी मला वडिलांना सावध करायला लगेच घरी पिटाळलं. वडील दोर वळत बसले होते. मी त्यांना बिळातलं पाणी आणि बांबूवरच्या खुणा सांगितल्या. "पोरांचा खेल हाय तो," ते म्हणाले. "माज्या बापानं घातलेला बांध हाय. पानी नाय येनार." मी वही पुढे केली, पण त्यांना वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बांध फुटला आणि खारं पाणी शेतभर पसरलं. लोंब्या बाहेर पडायच्या बेतातलं, पोटरीतलं भात आठवड्यात करपलं. पण बांध फुटला त्याच संध्याकाळी वडील माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "उद्या पानी किती वर चरंल, ते लिवलंय का यात?" तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी वही उघडून उगाच पानं उलटत राहिले. त्यांना 'नाही' म्हणायला मला तेव्हा जमलं नाही, आणि नंतरही कधी जमलं नाही.