मास्तरांचा फाज आणि तलावातली पिलं

स्वच्छ पाण्याचा पेला उजेडात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पोरांना विचारायचं, "काय दिसतं?"

"काईच नाई जी!" पोरं ओरडायची.

बरोबर उत्तर मिळाल्यासारखे आमचे हेडमास्तर खुलायचे. "दिसत नाही, म्हणून नाही असं नाही." हे वाक्य ते भूगोलाच्या तासालाही म्हणायचे.

एकाच विषयाचं वेड घेतलेला असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमचा मुलूख चांदा जिल्ह्यातला, गाव तलावाकाठचं, काळ पन्नासच्या दशकातला. शाळा दोन मास्तरांची. त्यातला धाकटा मी. हेडमास्तर नागपूरहून आलेले, पुस्तकी बोलणारे, पक्के शाकाहारी. मासळीचा वास आला की उपरणं नाकाला लावायचे, आणि बदली झाली ती नेमकी मासेमारांच्या गावात.

वेडामागे कारण होतं. आदल्या पावसाळ्यात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, त्यांच्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी गेली. सकाळी कविता म्हणून दाखवून घरी गेली, ती परत आलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात मास्तर मला म्हणाले, "यंदा एकही पोर जाऊ द्यायचं नाही." आणि तो पाण्याचा पेला सुरू झाला.

पटकीचा जंतू डोळ्यांना दिसत नाही इतका लहान. त्याहूनही लहान असा एक विषाणू त्या जंतूच्याच पोटात शिरतो, तिथे आपल्यासारखे पुष्कळ तयार करतो आणि जंतूला फोडून बाहेर पडतो. त्याचं नाव फाज. हे मास्तर घोंगडीने शिकवायचे. घोंगडीखाली बसलेलं पोर म्हणजे जंतू. एक फाज आत शिरायचा, मागून आणखी चार-पाच पोरं हळूच आत सरकायची, आणि मास्तरांनी टाळी दिली की घोंगडी उडवून सगळी बाहेर! पंचाईत अशी की फाज सगळ्यांनाच व्हायचं असे, जंतू कोणालाच नाही. मग मास्तर स्वतःच घोंगडीखाली बसायचे. "अरे, हळू फोडा मला!" हा त्यांचा आवाज पार पाणवठ्यापर्यंत जायचा.

पावसाळा तोंडावर आला तशा तालुक्याच्या दवाखान्यातून औषधाच्या कुप्या आल्या. आत फाजच होता, पटकीआधी विहिरीत टाकायचा. मास्तर कुप्या घेऊन तलावाजवळच्या विहिरीवर गेले, तर मासेमारांची सगळी वस्ती विहिरीला वेढा घालून उभी. पुढे सोमाबाई. तिचा पोरगा म्हणजे मास्तरांना रोज सगळ्यात जोरात फोडणारा फाज.

"इथी टाकू नका, मास्तर."

"का हो, बाई?"

"तुमीच त पोराईले शिकवलं ना, का फाज जित्या जीवाच्या पोटात शिरते अन् त्याले फोडते. हिरीचं पानी झिरपून तलावात जाते. आमी आत्ताच मासोयाईची पिलं सोडून राह्यलो. तुमच्या फाजनं थे खाल्ली, मंग?"

धडा इतका उत्तम झाला होता की मास्तरांच्याच अंगाशी आला. मला हसू आवरेना, मी तोंड फिरवलं. मास्तर परोपरीने सांगत होते, हा फाज फक्त पटकीच्या जंतूला मारतो, माशाला काही करत नाही. एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "थे खाताना तुमाले दिसते का?" मास्तरांनी हातातली कुपी उजेडात धरून पाहिली.

शेवटी ठरलं. हंड्यात तलावाचं पाणी आणि पिलं घ्यायची, त्यात एक कुपी फोडायची. संध्याकाळी पिलं जिवंत असली, तर औषध विहिरीत पडणार. शाळेच्या ओसरीत हंडा ठेवला. एका बाजूला मास्तर बसले, दुसऱ्या बाजूला वस्तीतर्फे सोमाबाई.

दुपारी पिलं वर येऊन तोंडं उघडू लागली. एक-दोन आडवी झाली. "हे फाजमुळे नाही हो," मास्तर मला म्हणाले. गेलेल्या मुलीची आई समोरच्याच आळीत राहत होती, तिकडे त्यांची नजर सारखी जात होती.

सोमाबाई नुसती बसून राहिली असती तरी जिंकली असती. तिने बांगड्या मागे सारल्या आणि हंड्यात हात घालून पाणी हलवायला लागली.

"पान्याले वारा पायजे, मास्तर. हंड्यात कोंबली त अशीच मरते."

"पण बाई, तुम्ही तर विरुद्ध बाजूच्या!"

"हाव. पन तुमचं तोंड पाह्यवत नाई ना जी."

संध्याकाळपर्यंत दोघं आळीपाळीने पाणी हलवत होती. मास्तरांचा हात कोपरापर्यंत मासळीच्या वासाने भरला होता आणि उपरणं खाली पडलं होतं, ते मीच उचललं. दिवस कलला तेव्हा पिलं हंड्यात सुळसुळत होती. "टाका तुमचा फाज," सोमाबाई म्हणाली. "पन तलावातली मेली त घोंगडी घेऊन मीच येईन तुमाले फोडाले."

त्या पावसाळ्यात आजूबाजूला पटकी आली, आमच्याही दोन घरांत शिरली. औषधाने किती काम केलं आणि पाणी उकळा म्हणून मास्तरांनी घरोघर जे डोकं खाल्लं त्याने किती, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढच्याच वर्षी त्यांची बदली दूर सिरोंचाकडे झाली, आणि आमची भेट पुन्हा कधी झाली नाही. मला त्यांची फार आठवण येते.

पटकी ओसरल्यावर शाळा उघडली, तो दिवस डोळ्यांसमोर आहे. मास्तरांनी हजेरी घेतली. प्रत्येक नावाला "हजर जी" आलं. पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं आणि पहिल्या नावापासून परत सुरुवात केली.

"काऊन जी, दोनदा?" सोमाबाईच्या पोराने विचारलं.

"मला जरा कमी ऐकू येतंय रे," मास्तर म्हणाले.

मग पोरांनी जास्तच मोठ्याने हजेरी दिली. मास्तर प्रत्येक नावाला पुस्तकातून मान वर काढत होते आणि ते पोर नीट पाहून घेतल्याशिवाय पुढचं नाव घेत नव्हते.