महबूबमामूंचा भूतखाना

अंधारात गालावर एक हात यायचा. गार, ओलसर, वाळ्याच्या वासाचा हात... आधी कपाळावर, मग हळूहळू डोळ्यांवरून खाली, आणि तो हनुवटीशी पोहोचेपर्यंत आपल्या नरड्यातून अशी किंकाळी फुटायची की बाहेर रेवड्या विकणारी बाईसुद्धा मान वर करून बघायची.

कर्णपुऱ्याच्या जत्रेतला हा महबूबमामूंचा भूतखाना. पोलिस ॲक्शन होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मी दहा-अकरा वर्षांची, छावणीत राहणारी, आणि — खोटं कशाला बोलू — आळीतल्या आठ-दहा पोरांची आपणहून झालेली म्होरकी. नवरात्राची पहिली माळ चढली की आमचा पाय घरात ठरत नसे. झेंडूचा उग्र वास, आश्विनातलं अंग भाजणारं ऊन, पायाखाली पिठासारखी मऊ धूळ, आणि या सगळ्याच्या टोकाला काळ्या कापडाचा तो लांबोडका तंबू. आत बुटक्या चाकांची एक लाकडी गाडी. तिच्यावर चार-चार पोरं दाटीवाटीनं बसवून मामू स्वतः ती मागून ढकलत, वळणावळणानं, मिट्ट काळोखातून. कुठं ओल्या सुतळ्या तोंडावर लोंबायच्या, कुठं पायाला कोंबडीची पिसं लागायची, आणि शेवटच्या वळणावर तो हात. कुणी म्हणे हडळ, कुणी म्हणे जिन्न. यावरून आमच्यात झिंज्या उपटण्यापर्यंत मजल जाई. नवल असं की, भीती ओसरायच्या आत तोच हात गाल कुरवाळून जाई... आणि रडू यायचं ते राहूनच जाई.

त्या धंद्याची रीत मामूंनीच आम्हांला सांगितली होती. भूतखान्याला भोंगा लागत नाही की पाटी लागत नाही. आतल्याची किंकाळी ऐकूनच बाहेरचा तिकीट काढतो. म्हणून तर तंबूचं कापड मुद्दाम पातळ.

त्या वर्षी दुसऱ्या माळेला आम्ही धावत गेलो, आणि घात झाला. तंबूवर रंगीत कवटी रंगवलेली. आत लॉरीच्या बॅटरीवर जळणारा तांबडा दिवा, दोरी ओढली की खडखडणारा पत्र्याचा सांगाडा, वर एक घंटा. सुतळ्या गेल्या, पिसं गेली, काळोख गेला. शेवटचं वळण आलं. मी डोळे घट्ट मिटून, श्वास धरून बसले... आणि गाडी उजेडात बाहेर पडली. हातच नव्हता!

काय संताप झाला म्हणून सांगू! आमच्या गणिताच्या मास्तरांचं तोंड त्या सांगाड्यापेक्षा दहापट भयानक होतं. आपल्या हक्काची वस्तू कुणीतरी न विचारता उचलून नेली, असंच वाटलं मला. तेवढ्यात छत्री घेतलेला जत्रेचा ठेकेदार तिथं आला आणि आमच्यादेखत म्हणाला, "महबूब, सातव्या माळेपर्यंत गर्दी दिसली नाय, तर ही जागा पाळणेवाल्याला देतो. मागून कुरकुर चालायची नाय."

मामूंनी नुसती मान हलवली. माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला... कुठून पडला कोण जाणे. जागा जायची वेळ आली की मामू आपसूक ताळ्यावर येतील, सांगाडा भंगारात टाकतील, हात परत आणतील. मग गर्दी कशी होत नाही ते बघू! मी सगळ्यांकडून देवीची शपथ घेतली: आत बसायचं, पण ओरडायचं नाही. पडेगावाहून बैलगाडीनं आलेल्या पोरांनासुद्धा आम्ही पढवलं, "आत काय बी नाय, भिला तो म्हातारी."

चौथी माळ, पाचवी, सहावी... बाहेर माणसं कान देऊन उभी राहत. आतून फक्त चाकांची करकर. जरा वेळ थांबत आणि पाळण्याकडे निघून जात. मामू दिवसेंदिवस गप्प होत गेले. मला ते दिसत होतं. दिसत होतं, आणि मी 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणत होते.

सातव्या माळेला दुपारी मी माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला घेऊन बसले. ती पाच वर्षांची. तिला शपथ काय कळणार? दिवा लागला, सांगाडा अंगावर झेपावला, आणि तिचं अंग ताठ झालं. मी तिचं तोंड दाबून धरलं. तिची किंकाळी माझ्या तळहातात थरथरत होती, ती चावली, तरी मी हात काढला नाही. मागून मामूंचा धापा टाकणारा श्वास येत होता. आणि तेव्हा, गाडी ढकलता ढकलता, ते अगदी हळू म्हणाले, "डरो ना बाबा... थोडा तो डरो."

ऐकलं मी ते. नीट ऐकलं. आणि दात आवळून बसून राहिले.

बाहेर ठेकेदार उभा होता; पाळणेवाल्याची माणसं दोर घेऊन जमीन मोजत होती. मला वाटलं, हीच वेळ. मी पुढं होऊन ठसक्यात सांगितलं, "मामू, तो पहिला हात परत आणा, मग बघा आम्ही कसं ओरडतो ते!"

मामू खाली उकिडवे बसले, माझ्या उंचीला आले. "अम्मा थी बेटा वो. बरसों से अंदर बैठती थी. आषाढ में गुजर गई. अब वो हाथ कां से लाऊँ?"

इतकी वर्षं त्या उकाड्यात, काळोखात एक म्हातारी पाण्यात हात बुडवून बसत होती, आणि तिच्या जागी कुणालाही बसवणं लेकाला जमलं नव्हतं, म्हणून तो दिवा, तो सांगाडा, ती घंटा. मामू उठून खुंट्या उपटायला लागले. आणि मी ओरडायला सुरुवात केली. तंबूला चिकटून, डोळे मिटून, नरडं फाटेस्तोवर. माझं बघून सुमी ओरडली, मग सगळीच पोरं. जत्रेतली माणसं वळून बघू लागली, हसू लागली. तिकिटासाठी कुणी खिशात हात घातला नाही.

"बस करो बेटा," मामू म्हणाले, "गला बैठ जाएगा." रागावले असते तर बरं झालं असतं. जाताना सांगून गेले, लासूर स्टेशनला बाजारात हमाली मिळते म्हणे, तिकडं बघतो. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. त्यानंतरही कधी नाहीत.

याला आता साठाहून अधिक वर्षं झाली. रेल्वेनं मनमाडकडे जाताना लासूर आलं की मी फलाटाकडे पाठ करून बसते. तो माणूस आता तिथं असणं शक्य नाही, हे मला कळतं. तरी बसते.