चार वाजताचं रक्त

ऐंशीच्या दशकात माझा थकवा काही केल्या जाईना, तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी कॉर्टिसॉल तपासायला सांगितलं. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी हे हार्मोन तयार करतात. ते सकाळी जास्त असतं, संध्याकाळकडे उतरतं, आणि जिवाला ताण असला की उतरत नाही. म्हणून रक्त दोनदा द्यायचं, सकाळी आठला आणि दुपारी चारला. मधल्या वेळात पूर्ण आराम.

आम्ही लांब नरखेडकडचे, मधल्या वेळात घरी जाऊन येणं शक्य नव्हतं, त्यामुळे आराम शहरालगत हुडकेश्वरला नणंदेकडे ठरला. वहिनी येणार कळताच तिनं पापडांसाठी चार किलो उडदाचं पीठ भिजवून ठेवलं होतं. "बसूनच तं लाटाचे हायेत, वहिनी. आरामच झाला नं!" सोबत आलेल्या सासूबाई खाटेवर पडून एकेका पापडाची जाडी पाहत होत्या.

आठवड्यानं रिपोर्ट आला. चारचा आकडा सकाळच्याहून जास्त! डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय केलं होतं?"

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, "काईच नाही. एका जागी बसून होती."

मग डॉक्टरांनी मला एक दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. एकटीला. मी आयतं जेवले, दुपारी मनसोक्त झोपले आणि पुन्हा दोनदा रक्त दिलं. या वेळी चारचा आकडा सकाळच्या निम्म्यावर उतरला.

"पाहा, काई नोतं हिले," सासूबाईंनी निकाल दिला. "उगाच नाटकं."

निघताना मी मागे रेंगाळले आणि डॉक्टरांना हळूच विचारलं, "ही तपासणी दर महिन्याला करावी लागते ना?"