पुटकुळ्या ओळखणारे भाऊजी

आगाशीपासून वसईपर्यंत असा एकही चेहरा उरला नसेल, ज्याला आमच्या थोरल्या भाऊजींनी निदान मनातल्या मनात तरी औषध लावलेलं नाही. हे माझे थोरले दीर, त्वचेचे डॉक्टर. दवाखाना विरारला आणि राहायला आम्ही दोन्ही कुटुंबं आगाशीच्या एकाच वाडीत. त्यांच्या नि आमच्या घरांच्या मध्ये फक्त केळी आणि पानवेली. तसे ते खरूज, नायटे, कोड, सगळंच बघतात, पण जीव कशात म्हणाल तर मुरमांत. तुमच्या-माझ्या लेखी मुरूम म्हणजे मुरूम. पोर वयात आली, तोंडावर चार पुटकुळ्या उठल्या, जातील आपोआप, संपला विषय. असं भाऊजींसमोर कुणी बोललं की ते चहाचा कप खाली ठेवतात आणि बोलणाऱ्याकडे इतक्या गंभीरपणे बघतात, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपल्याच घरून काही वाईट निरोप आलाय. मग शांतपणे विचारतात, "कुठला मुरूम?"

कारण त्यांच्या मते मुरूम एक नसतोच. नाकावरचे काळे ठिपके वेगळे, आणि तो मळ नव्हे, घासून जात नाही, हे ते पंगतीत वाढणाऱ्यालाही सांगतील. कपाळावरच्या बारीक दाण्यांसारख्या पुटकुळ्या दिसल्या की ते आधी माणसाच्या केसांकडे बघतात आणि तेल किती थापतोस म्हणून विचारतात. पिवळं तोंड असलेला फोड वेगळा; तो फोडायचा नाही, फोडायचा नाही आणि फोडायचा नाही. हनुवटीच्या खाली, जबड्याच्या कडेने उठणारे बाईमाणसाचे मुरूम वेगळे, त्यांचं मूळ तोंडावर नसतंच. आणि कातडीच्या आत खोल दुखणारी गाठ आली तर तिला घरगुती लेप लावत बसणाऱ्यांवर ते मनापासून चिडतात, कारण ती गाठ जाते पण खड्डा ठेवून जाते. मुरमावर टूथपेस्ट लावल्याचं कुणी नाव काढलं तर त्यांना जेवण जात नाही. औषध मात्र साधं: तोंड सौम्य साबणाने धू, चोळू नकोस, रात्री वाटाण्याएवढं मलम सगळ्या चेहऱ्याला लाव, आणि दोन-तीन महिने आरशासमोर उभं राहू नकोस. हे शेवटचं कुणालाच जमत नाही, असं ते खेदाने म्हणतात.

बरं, हे सगळं दवाखान्यात करावं की नाही? पण छे. आमच्या एका चुलत सासऱ्यांना देवाज्ञा झाली तेव्हा सगळं घर ओसरीवर रडत बसलं होतं. भाऊजी आले, मयताला हार घातला, नमस्कार केला, आणि कोपऱ्यात हुंदके देणाऱ्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच त्याला काहीतरी म्हणाले. आम्हाला वाटलं, धीर देतायत. पोरगं रडायचं थांबलं आणि गोंधळून म्हणालं की उशीचा अभ्रा आई धुते. भावकीतल्या एका पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा तर कहरच झाला. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, भाऊजींनी तिच्या जबड्याकडे पाहिलं, आणि दोन्हीकडच्या मंडळींसमोर विचारलं की पाळी वेळेवर येते का. मुलीचा बाप उठून उभाच राहिला. मी मनात म्हटलं, आता पोहे खायचे की चपला शोधायच्या? पण मुलगी शांतपणे नाही म्हणाली, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि आज तीच मुलगी आमच्या घरची सून आहे. कळंबची मासेवाली दारात पाटी उतरवते तेव्हा तिची लेक बरोबर असते. भाऊजी पापलेटाकडे ढुंकूनही बघत नाहीत, पोरीच्या गालाकडे बघत बसतात. एकदा ती वैतागून म्हणाली, "डॉक्टर, आदी म्हावरा बघा, पोरीचा तोंड मंग बघा."

या बघण्याचा एक परिणाम असा झाला, की आमच्या भावकीत ज्याच्या तोंडावर काही उठलं असेल तो भाऊजी येताच मागच्या दाराने विहिरीकडे जायला लागला. सत्यनारायणाला पोरी ओढण्या नाकापर्यंत ओढून बसायच्या. आम्ही यावर हसायचो, भाऊजींना त्याचा पत्ताही नसायचा. त्यांना वाटायचं, आपल्या घराण्यातल्या मुलांची कातडी मुळातच चांगली.

माझी लेक केतकी वसईला एका खाजगी कंपनीत नोकरीला लागली आणि जाण्यायेण्याची दगदग नको म्हणून एव्हरशाईन सिटीत मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागली. रविवारी स्कूटरवरून घरी यायची. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, तो घरात आली तरी लवकर सुटायचा नाही. लग्न ठरलं, साखरपुडा झाला, त्या दिवशी तिचा चेहरा असा उजळ दिसत होता की बायका मला विचारत होत्या, पोरीला काय लावतेस? मी काय सांगणार, मलाच माहीत नव्हतं. पुढे ती घरी आली की सावलीत बसायची, चुलीकडे फिरकायची नाही. मी म्हटलं, लग्नाचं टेन्शन असेल.

लग्नाआधी नात्यातली माणसं नवरीला केळवण करतात, आणि पहिला मान थोरल्या काकांचा. पण केतकी या रविवारी नको, पुढच्या रविवारी बघू, असं करत राहिली. जाऊबाई दर खेपेला बाजार आणायच्या आणि आम्ही तो खाऊन टाकायचो. भाऊजी मला काही बोलले नाहीत, पण एकदा वाडीत पाण्याचा पाट वळवताना नवऱ्याजवळ म्हणाले म्हणे, की पोरीला आमच्याकडे दोन घास जड झाले का? मला वाईट वाटलं आणि रागही आला. मी केतकीला फोनवर चांगली खडसावली.

शेवटी ती आली. तोंडावर मेकअपचा हा थर. पाटाभोवती रांगोळी, ताटात कोळंबीचं गरम कालवण, भाकरी, वाफाळता भात. दोन घास खाल्ले आणि तिने पाण्याचा पेला उचलला, पण प्यायली नाही. थंडगार स्टीलचा पेला तिने गालाला लावला. मग दुसऱ्या गालाला. तिने असं केलं तरी आम्ही कुणी मान वर केली नाही, उकाडाच तेवढा होता. भाऊजींनी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

"जळतंय ना?" ते म्हणाले. "कुठली ट्यूब लावतेस?"

केतकीच्या डोळ्यांतून पाणीच आलं. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. आम्हा वाडीवाल्यांच्या घरात एक ट्यूब असतेच. पावसाळाभर पुरुष ओल्या वाफ्यांत उभे असतात, जांघेत नायटा उठतो, मग दुकानातून न विचारता ती ट्यूब येते आणि पाण्याच्या मोटारीच्या खोपीत फळीवर कायमची पडून राहते. भाऊजींना दाखवायची लाज, कारण ते ओरडणार. माझ्या नवऱ्याची ती ट्यूब केतकीने एकदा हनुवटीवरच्या एका मुरमाला लावली. सकाळी मुरूम गायब. मग गालाला लावली, कपाळाला लावली, चेहरा असा गोरा झाला की ऑफिसात कौतुक झालं. आता एक दिवस नाही लावली की तोंड पेटायचं, लाल दाणे उठायचे, म्हणून रोज लावत होती. बापाच्या जांघेची ट्यूब पोर तोंडाला लावते, आणि शेजारच्या घरात त्वचेचे डॉक्टर! मला रडू की हसू कळेना.

भाऊजींनी तिला ओल्या कापडाने तोंड पुसायला लावलं आणि खिडकीपाशी नेलं. सगळे दाणे एकाच मापाचे, कातडी पातळ होऊन तांबूस झालेली. हे नेहमीचे मुरूम नव्हेतच, म्हणाले, ही ट्यूबमधल्या स्टिरॉइडची करणी. ती बंद करायची. बंद केल्यावर आधी बिघडेल, खूप बिघडेल, आणि मग काही महिन्यांनी सुधारेल.

लग्न महिन्यावर आलं होतं. मी स्पष्टच सांगितलं, की एवढं लग्न होईपर्यंत लावू दे, आयुष्यभर फोटो राहणार आहेत, नंतर काय ते बंद करा. भाऊजी एरवी माझ्याशी वाद घालत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "नंतर केलं तर सासरी बिघडेल. परक्या घरात, एकटीचं. बिघडायचं ते इथे बिघडू दे, आपल्या घरात." मग ते केतकीकडे वळले आणि खालच्या आवाजात विचारलं, "मी घरात असून मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही बघता ना, काका. सगळ्यांसमोर बघता."

ते त्यांना लागलं. तसेच वळून हात धुवायला मोरीवर गेले.

केतकीने त्याच दिवशी ट्यूब बंद केली आणि होणाऱ्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावून उघडा चेहरा दाखवला. तो बिचारा दुखतंय का एवढंच विचारत राहिला, तेव्हाच मला जावई पसंत पडला. पुढचे दिवस मात्र कठीण गेले. तोंड सुजलं, लाल झालं, आरसे मी उलटे करून ठेवले. भाऊजी रोज दवाखान्यात जायच्या आधी यायचे, गार पाण्याच्या घड्या, साधं मलम, गोळ्या, सगळं स्वतः बघायचे, पण आधी दारात थांबून तिला विचारायचे, येऊ का? हळदीच्या दिवशी तर बायकांच्या घोळक्यात खुर्ची टाकून तिच्या शेजारी बसले. आत्या-मावश्या हळदीने भरलेले हात घेऊन यायच्या आणि हे पहाऱ्यावरच्या शिपायासारखे तोंडासमोर हात आडवा धरून म्हणायचे, पायाला, पायाला लावा. एक म्हातारी आत्या भांडली, की हळदीने कुणाचं वाईट झालंय? भाऊजींनी निमूटपणे आपला गाल तिच्यापुढे केला. तिनेही मागेपुढे न पाहता त्यांचं तोंड पिवळं करून टाकलं. माझी लेक बोहल्यावर उभी राहिली ती लाल चेहऱ्यानेच, पण मान खाली घालून नाही.

लग्नानंतर ती नाशिकला गेली. दर रविवारी भाऊजींना आपल्या चेहऱ्याचा फोटो पाठवायची, मेकअप न करता, उजेडात काढलेला. ते तो बोटांनी मोठा करून बघायचे आणि काय लावायचं ते कळवायचे. महिने गेले, चेहरा स्वच्छ झाला, आणि मग फोटो थांबले. कशाला पाठवेल? बरी झाली ना. भाऊजी आता समारंभांत कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत, स्वतःच्या ताटाकडे बघून जेवतात. मासेवालीच्या पाटीवर वाकून पापलेट निवडतात आणि तेही चुकीचं निवडतात. पोरी त्यांच्यासमोरून उघड्या तोंडाने फिरतात, आणि मला, खरं सांगते, घर सुनं सुनं वाटतं.

गेल्या आठवड्यात ते पानवेलींतून आमच्या दाराशी आले आणि केतकीचा फोटो आला नाही का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आता तिच्या तोंडावर बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. ते बरं बरं म्हणाले, पण तिथेच उभे राहिले. मीच मग तिला व्हिडिओ कॉल लावला, फोन त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेले. थोड्या वेळाने ते फोन ओट्यावर ठेवून गेले. लगेच केतकीचा मला परत फोन, आवाज घाबरलेला.

"आई, काकांची तब्येत बरी आहे ना गं? त्यांनी मला फक्त विचारलं, जेवलीस का."