कपिलधारच्या भोंग्यावरची नक्कल

मी बीडचा. नकला करणं हाच माझा धंदा. कपिलधारच्या जत्रेत हरवलेल्या लेकरांची खबर भोंग्यावरून सांगणारे एक मामा होते. त्यांचा आवाज मी काढला की कॉलेजातली पोरं बाकावर लोळायची. "लेकरू रडायलंय, लाल शर्ट हाय, एकाच पायात चप्पल हाय, मायबापानं येऊन घेऊन जावं!"

मग परदेशातल्या लई नावाजलेल्या विद्यापीठात मला थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. इथं सगळ्यांच्या टोळ्या पहिल्याच वर्षी जमलेल्या. एकदा मेसमधी हिंमत करून मी मामांची नक्कल केली, इंग्रजीत. समोरची पोरगी कळवळून म्हणली, "अरेरे! मग सापडले का आईबाप?" हसलं कुणीच न्हाई. हसतील काहून? मामा बघितलेत कुणी?

तवापासून मी इथल्या पोरांसारखं बोलायला लागलो. शब्द तोंडातच घोळवायचे, खांदे उडवायचे. तरी जेवायला एकटाच.

रविवारी मायला फोन लावला. दोन वाक्यं बोललो असेन, तर ती खो-खो हसायला लागली.

"थांब, थांब! आता ही कोणाची नक्कल करायलास रे?"

मी नक्कल करतच नव्हतो.

"हाय इथलं एक पोरगं," मी म्हणलं.

"लई ग्वाड काढलास आवाज. आता तुझ्या आवाजात बोल."

माझा आवाज काही लागंना. म्हणून मामांचा आवाज लावला. "लेकरू रडायलंय, लाल शर्ट हाय..."

पुढचं मला म्हणता आलं न्हाई. तिकडं माय हसायची थांबली.